नाटक कुणाच्या गावी?

इंग्लंडात सरकार वस्तीवार गरिबी मोजतं. सुमारे दीड हजार माणसांचा एकेक भाग धरायचा. मिळकत, काम, शिक्षण, आजार, चोऱ्यामाऱ्या, घरं, सारं बघून क्रम लावायचा. २०२५ साली समुद्रकाठच्या जेविकचा एक भाग सर्वांत हलाखीचा ठरला.

याचा नाटकाशी काय संबंध? आहे तर! तिथल्या कला मंडळाला सरकारचा अन् लॉटरीचा पैसा मिळतो. लॉटरीचं तिकीट गरीबही घेतो. मोठी नाटकघरं मात्र शहरांत. म्हणून पैसा आणि प्रेक्षक दोन्ही कमी, अशी ५४ ठिकाणं मंडळाने निवडली. गरिबीची यादी शेजारी ठेवली, की खेळ कुठे न्यायचा ते कळतं.

पण आकडा वस्तीचा, माणसाचा नव्हे. सुखवस्तू भागातली गरीब विधवा त्यात दिसत नाही. तिला रात्री परतायला बस आहे का, हे दारी जाऊनच विचारावं लागतं.