किमान रक्कम भरली की मोकळे?

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे ठळकपणे छापलेले असतात: एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. दुसरा आकडा भरला की महिना निभावला, असे मानणे हा या व्यवहारातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. किमान रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते आणि खाते थकीत ठरत नाही, एवढेच. व्याज टळत नाही. ५०,००० रुपयांचे बिल घ्या. व्याज दरमहा साडेतीन टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ४.१३ टक्के. किमान रक्कम शिल्लकेच्या पाच टक्के धरली आणि नवी खरेदी काहीच केली नाही, तरी वर्षभरात खिशातून सुमारे २८,३०० रुपये जातात आणि कर्ज उतरते जेमतेम ६,१०० रुपयांनी. बाकीचे २२,२०० रुपये व्याजात आणि करात जिरतात. शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. आज घेतलेल्या किराण्यावर आजपासूनच व्याज लागते. कार्डावर एटीएममधून रोकड काढली, तर ती मुदत मुळात मिळतच नाही.

हा हिशेब कोणाला सर्वांत जास्त झोंबतो, हे जबलपूरजवळच्या बरगीसारख्या ठिकाणी स्पष्ट दिसते. नर्मदेवरच्या बरगी धरणाच्या डाव्या कालव्यावर शेती करणाऱ्याच्या हातात पैसा येतो तो मटार बाजारात गेल्यावर किंवा चैत्राच्या सुमारास गहू विकल्यावर. कार्डाचे बिल मात्र दरमहा ठरलेल्या तारखेला येते. पगारदाराचा पगार आणि बिलाची तारीख यांची सांगड बसते. हंगामी उत्पन्नाची बसत नाही. पेरणीचा खर्च कार्डावर टाकून पीक हाती येईपर्यंत किमान रक्कम भरत राहणे म्हणजे वर्षाला जवळपास ५० टक्के दराने शेती करणे. कोणते पीक तेवढे देते? इथेच दुसरा गैरसमज आडवा येतो, तो किसान क्रेडिट कार्डाचा. नावात साम्य असले तरी १९९८ साली सुरू झालेली ही योजना पीककर्जाची आहे. तीन लाखांपर्यंतच्या अल्पमुदतीच्या पीककर्जावर व्याज सवलतीमुळे सात टक्के पडते, वेळेवर फेडल्यास चार टक्के, आणि परतफेड पिकाच्या हंगामाशी जोडलेली असते. ही सोय पुढे पशुपालक आणि मत्स्यव्यवसायालाही मिळाली, म्हणजे जलाशयावर जाळे टाकणाऱ्यांसाठीही तो दरवाजा उघडा आहे. हंगामी गरजेला हंगामी कर्ज आणि महिन्याच्या खर्चाला महिन्याचे कार्ड, ही वाटणी पाळली तर कार्डाची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, इतके व्याज घ्यायला कायदा परवानगी देतोच कसा? ३० टक्क्यांवर व्याज घेता येत नाही, असे अनेकजण आजही खात्रीने सांगतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली तसा निर्णय दिला होता, हे खरे. पण सर्वोच्च न्यायालयाने तो २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तेव्हा त्या मर्यादेच्या भरवशावर कोणी राहू नये. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दवाखान्याचा खर्च अचानक उभा राहिला, तर कार्डाशिवाय आधार कोणता? त्या रात्रीपुरता कार्डाचा आधार घ्यावा, हे मान्यच. पण बाकी तिथेच ठेवून किमान रकमेवर ढकलू नये. सोनेतारण किंवा साधे वैयक्तिक कर्ज काढून कार्ड पूर्ण फेडावे, कारण या कर्जांचा दर सहसा कार्डापेक्षा बराच कमी असतो. आणि मग कार्डच नको, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याला काही आठवड्यांची बिनव्याजी उधारी मिळते आणि परतफेडीची चांगली नोंद तयार होते. पुढे घरासाठी किंवा ट्रॅक्टरसाठी कर्ज मागताना ही नोंद बँक पाहतेच.

कार्ड निवडताना विमानतळाच्या विश्रामकक्षाची जाहिरात बाजूला ठेवावी. बरगीत राहणाऱ्याने वर्षातून किती वेळा विमान पकडायचे? त्याच्या उपयोगाचे प्रश्न वेगळे: वार्षिक शुल्क किती, कोणत्या खर्चावर ते माफ होते, पेट्रोलवरचा अधिभार माफ आहे का, आणि रूपे कार्ड यूपीआयला जोडून गावातल्या दुकानदाराच्या क्यूआरवर चालेल का. ‘बिनव्याजी हप्ता’ही तपासून घ्यावा. त्यात व्याज असते. दुकानदार किंवा बँक तेवढी सूट देऊन ते भरून काढते. व्याज किती आणि सूट किती, हे हप्त्यात रूपांतर करण्याआधी सांगणे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे.

त्याच निर्देशांतली आणखी काही कलमे ग्राहकाने लक्षात ठेवण्यासारखी आहेत. न मागता कार्ड देता येत नाही. दिले आणि संमतीशिवाय आकारणी केली, तर ती परत करून वर दुप्पट दंड द्यावा लागतो. देय तारीख चुकली तरी तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्याशिवाय विलंब शुल्क लावता येत नाही. बाकी नसलेले कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी करावी लागते, नाहीतर रोज ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. कार्ड कात्रीने कापून टाकले की खाते बंद झाले, हाही गैरसमजच. वार्षिक शुल्क लागत राहते, म्हणून बंद झाल्याची लेखी पोच मागावी. तक्रारीला बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोबाईलवरून मोफत अर्ज करता येतो. त्यासाठी वकील लागत नाही, की बरगीहून भोपाळला खेपाही घालाव्या लागत नाहीत.