पक्षिगृहातील पिलांसाठी चिलटांची पैदास

घरट्यात अंडी पडतात, यथाकाल त्यांतून पिले निघतात, नर-मादीच्या पुढ्यात राळा आणि बाजरी यांनी भरलेली वाटी असते. आणि तरीही तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरट्याखाली पिलू मरून पडलेले आढळते. शोभेचे विदेशी पक्षी पाळणाऱ्या अनेकांना हा अनुभव परिचयाचा आहे. त्याचा दोष बहुधा थंडीला, मुंग्यांना किंवा मादीच्या स्वभावाला दिला जातो. ही कारणेही संभवतात. परंतु ज्या घरट्यातील पिले पोट भरलेले असूनही वाढत नाहीत, तेथे खाद्याचा प्रश्न प्रथम तपासणे इष्ट होय.

धान्य खाणारे बहुतेक लहान पक्षीसुद्धा रानात आपल्या पिलांना पहिल्या दिवसांत किडे भरवितात. राळ्यासारख्या धान्यात प्रथिने शेकडा दहा-बारा इतकीच असतात आणि त्यांत लायसिन या आवश्यक घटकाची उणीव असते. मोठ्या पक्ष्याचा निर्वाह त्यावर होतो. परंतु थोड्याच दिवसांत अनेक पटींनी वाढणाऱ्या पिलाची गरज त्याने भागत नाही. उलटपक्षी, किड्यांच्या वाळलेल्या वजनातील निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. झेब्रा फिंच व बंगाली फिंच हे पक्षी अंड्याचे मऊ खाद्य आणि मोड आलेले धान्य यांवर पिले वाढवू शकतात. मात्र आफ्रिकेतील वॅक्सबिल जातीच्या पक्ष्यांना जिवंत किडे न मिळाल्यास ते अनेकदा पिलांना भरविण्याचेच सोडून देतात.

हे जिवंत खाद्य अल्प खर्चात घरीच तयार करता येते. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी लहान चिलटे आपण हाताने हाकलतो. तीच पद्धतशीरपणे वाढविल्यास पिलांच्या आहारातील मोठी उणीव भरून निघते.

चिलट आणि आंब्यावरील फळमाशी यांतील भेद

या किड्याचे शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला. यालाही पुस्तकांतून फळमाशी म्हटले जात असल्याने बागाईतदारांचा गोंधळ होण्याचा संभव आहे. आंबा, पेरू आणि वेलवर्गीय भाज्या यांची नासाडी करणारी खरी फळमाशी निराळ्या कुळातील आहे. ती जवळजवळ घरमाशीएवढी असून तिच्या अंगावर पिवळे पट्टे असतात. ती झाडावरील निरोगी फळाला भोक पाडून आत अंडी घालते. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात काही काळ बंद केली, त्याचे कारण मालात आढळलेल्या या माशाच होत्या. ही बंदी २०१५ मध्ये उठली.

पाळावयाचे चिलट जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर लांबीचे, पिंगट अंगाचे व लाल डोळ्यांचे असते. ते धडधाकट फळाला इजा करीत नाही. अतिपक्व व आंबू लागलेल्या फळावरील किण्व हे त्याचे अन्न होय. सबब पैदाशीसाठी बागेत गळून पडलेली, अळ्या असलेली फळे कधीही वापरू नयेत. तशी फळे बरणीत भरणे म्हणजे शत्रूला घरात पोसण्यासारखे आहे. ती खोल खड्ड्यात पुरून टाकावीत.

जीवनक्रम

या लहानशा किड्याची विज्ञानाला उत्तम ओळख आहे. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना १९१० साली पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला आणि त्यावरून आनुवंशिकतेच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली. या कार्याबद्दल त्यांना १९३३ चे नोबेल पारितोषिक लाभले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी याच माशीच्या वास व चव घेण्याच्या शक्तीचा अभ्यास केला. प्रयोगशाळांनी अनेक वर्षे ही माशी बाटल्यांतून वाढविली असल्यामुळे तिच्या संगोपनाची रीत पूर्णपणे ठाऊक झालेली आहे.

२५ अंश सेंटिग्रेड तपमानात अंडे सुमारे एका दिवसात फुटते. अळी चार-पाच दिवस खाद्यात खात-खात वाढते, नंतर वर चढून बरणीच्या कोरड्या भिंतीवर कोष करते आणि आणखी चार-पाच दिवसांनी कोषातून माशी बाहेर येते. म्हणजे अंड्यापासून माशीपर्यंत साधारणतः दहा दिवस लागतात. अनुकूल परिस्थितीत एक मादी आयुष्यात चारशेच्या आसपास अंडी घालते. तपमान १८ अंशांवर आले की हाच क्रम सुमारे दुप्पट लांबतो. तपमान ३० अंशांच्या वर राहिल्यास नर वांझ होऊ लागतात व पैदास बंद पडते.

बीज मिळविणे

रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत धुतलेल्या अतिपक्व केळ्याचे दोन तुकडे ठेवावेत. तोंडावर कागदाचे नरसाळे, अरुंद टोक खाली राहील अशा रीतीने बसवावे आणि बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवावी. एक-दोन दिवसांत चिलटे आत शिरतात. त्यांना परतीची वाट सहसा सापडत नाही. वीस-पंचवीस जोड्या झाल्या की नरसाळे काढून मलमलीचे फडके घट्ट बांधावे.

खाद्य तयार करण्याची कृती

केवळ कुस्करलेल्या केळ्यावर चिमूटभर पावाचे यीस्ट टाकूनही चिलटे वाढतात. परंतु हे खाद्य लवकर पातळ होते, त्यात माशा बुडतात व बुरशीही धरते. त्यापेक्षा आपल्या देशातील प्रयोगशाळांतून रूढ असलेले रवा-गुळाचे खाद्य अधिक भरवशाचे आहे. त्याचे प्रमाण पुढीलप्रमाणे घ्यावे :

गव्हाचा रवा – ५० ग्रॅम
गूळ – ५० ग्रॅम
आगर-आगर (बाजारातील चायना ग्रास) – ५ ग्रॅम
पाणी – ५०० मि.लि.
प्रोपिऑनिक आम्ल – ३.५ ते ४ मि.लि.

प्रथम पाण्यात आगर-आगर उकळून पूर्ण विरघळू द्यावे. मग गूळ घालून तो विरघळल्यावर रवा थोडा थोडा सोडावा आणि गुठळ्या होऊ न देता खिरीसारखे दाट होईतो ढवळावे. भांडे खाली उतरवून वाफ ओसरल्यावर आम्ल मिसळावे. हे आम्ल बुरशी रोखते. मात्र ते त्वचेला व डोळ्यांना अपायकारक असल्याने मुलांच्या हाती देऊ नये आणि ते मिसळताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ते न मिळाल्यास थोडा पांढरा शिरका घालावा. तथापि त्याने बुरशीला पूर्ण प्रतिबंध होत नाही, म्हणून अशा बरण्या लवकर बदलाव्या लागतात.

उकळत्या पाण्याने धुऊन वाळविलेल्या बरण्यांत हे खाद्य दोन ते तीन सेंटिमीटर जाडीचे ओतावे. बरण्या लगेच मलमलीने झाकाव्यात, म्हणजे वाफ निघून जाते आणि बाहेरचे किडे आत शिरत नाहीत. दुसऱ्या दिवशी आतील भिंतीवरचे पाणी टिपून घ्यावे, खाद्यावर यीस्टचे चार-सहा दाणे टाकावेत, घडी घातलेला जाड कागद उभा खोवावा आणि मग माशा सोडाव्यात. कागदामुळे अळ्यांना कोष करण्यास कोरडी जागा मिळते. प्रत्येक बरणीवर तारीख लिहिण्यास विसरू नये.

पाच दिवसांनी मूळ माशा दुसऱ्या ताज्या बरणीत हलवाव्यात. अशा रीतीने दर चार-पाच दिवसांनी एक नवी बरणी भरत गेल्यास माशांचा पुरवठा अखंड राहतो.

वेळेचा हिशेब

या उद्योगातील सर्वांत मोठी चूक खाद्याच्या प्रमाणात होत नाही. ती वेळेच्या हिशेबात होते. पिले निघाल्यावर पाळणारा जागा होतो आणि बरणी भरावयास घेतो. पहिली माशी बाहेर पडण्यास दहा-बारा दिवस लागतात. भुकेले पिलू तर दोन दिवसही थांबू शकत नाही. त्या वेळी केलेले सारे श्रम पुढच्या विणीच्या उपयोगी पडतात, या विणीच्या नव्हे.

झेब्रा फिंचची मादी साधारणतः रोज एक याप्रमाणे चार ते सहा अंडी घालते आणि अंडी उबविण्यास बारा ते चौदा दिवस लागतात. पहिले अंडे दिसल्यापासून पहिले पिलू निघेपर्यंत सामान्यतः पंधरवडा मिळतो. एवढा अवधी एका बरणीला पुरेसा आहे, परंतु फार शिल्लक उरत नाही. म्हणून पुढील क्रम पाळावा :

जोडी घरट्यासाठी काड्या वेचू लागताच – चिलटे धरून बीजाची बरणी तयार करावी.
पहिले अंडे दिसताच – पहिली मोठी बरणी भरावी.
त्यानंतर दर चार-पाच दिवसांनी – एकेक नवी बरणी भरावी.
पिले घरट्याबाहेर पडून स्वतः दाणे टिपू लागेपर्यंत – हा क्रम सुरू ठेवावा.

पिले निघाल्यापासून सुमारे अठरा ते वीस दिवसांनी घरटे सोडतात. पुढेही काही दिवस मायबाप त्यांना भरवितात. म्हणून शेवटची बरणी घाईने बंद करू नये.

पक्ष्यांना माशा कशा द्याव्यात

बारीक जाळीच्या मोठ्या पक्षिगृहात बरणीचे फडके काढून तिच्या तोंडावर अशी तारेची जाळी बसवावी की माशी बाहेर येईल, परंतु पक्ष्याची चोच खाद्यापर्यंत पोहोचणार नाही. आंबलेले व बुरशी आलेले खाद्य पक्ष्यांच्या पोटात जाणे घातक असते. माशा एकेक करून बाहेर येतात आणि पक्षी त्यांना उडता उडता टिपतात.

लहान पिंजऱ्यातून मात्र बऱ्याच माशा निसटून घरभर होतात. तेथे बरणी काही मिनिटे शीतपेटीत ठेवावी. थंडीने माशा निपचित पडल्या की त्या उथळ बशीत झटकून बशी पिंजऱ्यात ठेवावी. त्या लवकरच पुन्हा हालचाल करू लागतात; म्हणून अल्पावधीत संपतील इतक्याच द्याव्यात. अविकसित पंखांच्या, उडू न शकणाऱ्या माशांचे वाणही असते. ते मिळाल्यास सोयीचे पडते. मात्र त्यात रानटी नर शिरू देऊ नये. पंखांचा हा दोष संकरात दबून राहत असल्यामुळे पुढची सारी पिढी उडणारी निघते.

चिलटे हे पूरक खाद्य आहे, पूर्णान्न नव्हे. किड्यांत कॅल्शियम अल्प असते, म्हणून पिंजऱ्यात समुद्रफेस सदैव टांगलेला असावा. मोड आलेला राळा, उकडलेल्या अंड्याचा चुरा आणि स्वच्छ पाणी यांची जोड द्यावी. अंड्याचे खाद्य उन्हाळ्यात काही तासांतच काढून टाकावे.

घ्यावयाची काळजी

१. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात बरण्या घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात, ओल्या गोणपाटाने गुंडाळलेल्या मातीच्या कुंडीत ठेवाव्यात. कडाक्याच्या थंडीत त्या रात्री उबदार खोलीत आणाव्यात व बरणी भरण्याचा काळ आठ-दहा दिवस अलीकडे घ्यावा.

२. कोकणात पावसाळी हवेत बुरशीचा उपद्रव विशेष असतो. हिरवी वा काळी बुरशी धरलेली बरणी वाचविण्याचा प्रयत्न करू नये.

३. मुंग्या लागू नयेत म्हणून मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. जुन्या बरण्यांत बारीक कोळी-किडे होतात व शेजारच्या बरण्यांत पसरतात. त्यामुळे कोणतीही बरणी तीन-चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ ठेवू नये.

४. त्या खोलीत डास मारण्याची औषधे फवारू नयेत, डांबरगोळ्याही ठेवू नयेत. कीटकनाशक जसे माशीला मारते, तसेच माशीमार्फत पिलालाही बाधू शकते. विकतची फळे धुऊनच वापरावीत.

५. निकामी बरणीत उकळते पाणी ओतावे व मगच आतील गाळ खताच्या खड्ड्यात टाकावा. बरणी उघडी फेकून देणे शेजाऱ्यांना उपद्रवकारक होते.

कायद्याची मर्यादा

वर सांगितलेली रीत केवळ पिंजऱ्यात पैदा झालेल्या विदेशी पक्ष्यांसाठी आहे. लाल मुनिया, ठिपकेदार मुनिया, पोपट इत्यादी आपल्या रानातील पक्ष्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून ते पकडणे, विकणे व बाळगणे हा गुन्हा आहे. काही विदेशी जातींची नोंद करणेही आवश्यक असल्यामुळे खरेदीपूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी.

पक्षी पिंजऱ्यात ठेवला की रानात तो स्वतः शोधीत असलेले अन्न पुरविण्याचे कर्तव्य आपल्याकडे येते. मुक्त पक्ष्याला किडा कोठे मिळेल हे ठाऊक असते. बंदिस्त पक्ष्याला वाटीत जे पडेल तेवढेच भरविता येते. एक काचेची बरणी, मूठभर रवा आणि गुळाचा खडा यांच्या साह्याने हे कर्तव्य पार पाडता येते. मात्र पिलाची चोच उघडण्यापूर्वी बरणीतील माशी तयार असली पाहिजे. यास्तव घरट्यात पहिले अंडे दिसले की त्याच दिवशी पहिली बरणी भरावी.