अर्ध्यावर सोडलेली टोपली

कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत दुकानदारीवर बोलावे, याचे पुष्कळांना नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते कारखान्यांच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा व्यापारशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. हा विषय आमच्याकडे कसा चालून आला, तेवढे आधी सांगतो.

सोलापुरात विडी वळणाऱ्या बायांची संख्या मोठी. आमच्या युनियनमधल्या काही बायांनी, विडीचे काम कमी मिळू लागल्यावर, शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकण्याचा घाट घातला. नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेलेले सोलापूरकर हे त्यांचे गिऱ्हाईक. एका सहकाऱ्याच्या मुलाने इंटरनेटवर दुकान थाटून दिले. लोक येत, माल टोपलीत टाकीत, आणि पैसे भरण्याच्या पायरीवर नाहीसे होत. अशा सोडून दिलेल्या टोपल्यांची यादी रोज लांबत चालली. बायांनी त्याचा अर्थ एकच काढला : आपल्या चटणीतच खोट आहे. दोघी-तिघी काम सोडण्याच्या गोष्टी बोलू लागल्या. म्हणून आम्हांस या प्रश्नाचा अभ्यास करणे भाग पडले.

ही टोपली मुळात आली कोठून? अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे सिल्व्हन गोल्डमन नावाचा दुकानदार होता. हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबविते, हे त्याच्या ध्यानात आले. म्हणून १९३७ साली त्याने चाकांचा गाडा आणला. लोक त्याला हात लावीनात. तेव्हा त्याने पगारी माणसे आणून दुकानात गाडे ढकलत फिरविली, आणि मग कोठे लोकांची भीड चेपली. संगणकाच्या पडद्यावरील 'कार्ट' हे त्याच गाड्याचे चित्र. परंतु एक मोठा फरक आहे. खऱ्या दुकानात भरलेला गाडा सोडून चालते होण्यास चारचौघांची लाज आड येते. पडद्यावर लाज नाही. बोट हलले की माणूस बाहेर. डेन्मार्कमधील बेमार्ड या संस्थेने निरनिराळ्या पाहण्यांची सरासरी काढली आहे. ती सांगते की ऑनलाइन दुकानांतील सुमारे ७० टक्के टोपल्या अशा सोडल्या जातात.

हा आकडा ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही. तुळशीबागेत गेलेली बाई दहा वस्तू हाताळते आणि एक घेते. म्हणून उरलेल्या नऊ दुकानदारांचा तिने गुन्हा केला असे कोणी म्हणत नाही. पुष्कळ टोपल्या केवळ भाव पाहण्यासाठी किंवा पुढे आठवण राहावी म्हणून भरलेल्या असतात. त्यांचा शोक करू नये. प्रश्न आहे तो घेण्याच्या इराद्याने आलेल्या आणि शेवटच्या पायरीवरून परत गेलेल्या माणसाचा.

तो का गेला हे कळण्याचा उपाय आम्हांस आमच्या धंद्यानेच शिकविला आहे. सभेतून माणूस उठून गेला तर त्याच्या नावाने बोटे मोडू नयेत. त्याच्या घरी जावे. आम्ही पुण्यास एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी गेलो आणि त्याच्या पत्नीस म्हणालो, "वहिनी, तुमच्या फोनवरून आमची चटणी मागवा. आम्ही फक्त बघतो, मध्ये बोलत नाही." वहिनींनी चटणीची पुडी निवडली, नाव लिहिले, पत्ता लिहिला, फोन नंबर दिला. मग शेवटच्या पानावर पोचविण्याचा खर्च उमटला, तो पुडीच्या किमतीहून थोडासाच कमी. वहिनींनी फोन खाली ठेवला. "भावजी, ही तर चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला झाली की हो!" महिनाभर आम्ही जे कोडे सोडवीत होतो ते एका म्हणीत सुटले.

अमेरिकेतील गिऱ्हाइकांनाही विचारले असता, टोपली सोडण्याच्या कारणांत शेवटी वाढणारा खर्च हेच कारण सर्वांत वर येते. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. माणूस पैसे जास्त पडले म्हणून जितका चिडतो, त्याहून अधिक ते उशिरा सांगितले म्हणून चिडतो. विडी वळणाऱ्या बाईस हे समजावून सांगावे लागत नाही. तिचा दर हजार विड्यांमागे ठरलेला असतो. ती दिवसभर वळते, आणि संध्याकाळी माल देताना 'एवढ्या खराब निघाल्या' म्हणून कापून घेतले जाते. मजुरीत शेवटी कपात आणि किमतीत शेवटी वाढ, या दोन्ही एकाच जातीच्या गोष्टी आहेत. आम्ही बैठकीत एवढे म्हणताच बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. ज्या गोष्टीविरुद्ध आपण फाटकावर घोषणा दिल्या, तीच आपल्या दुकानात आपण करीत होतो!

मग एकीने सुचविले, पोच फुकट करू. पोचविणाऱ्या पोरास कमी पैशात राबवू. यावर बराच वाद झाला. फुकट पोच अशी वस्तू जगात नाही. तिचा खर्च गिऱ्हाईक देते, विक्रेता देतो, नाहीतर दुचाकीवरच्या पोराची पाठ देते. तो खर्च तिसऱ्याच्या पाठीवर टाकून आपली टोपली भरावयाची नाही, असे शेवटी सर्वांनी मिळून ठरविले. सुटण्याची वाट हिशेबातच सापडली. पार्सल पाठविणारे बहुधा अर्ध्या किलोपर्यंत एकच दर घेतात. एक लहान पुडी पाठविली तरी तेवढेच, दोन पाठविल्या तरी तेवढेच. म्हणून दोन पुड्यांचा जोड केला आणि पोचेसह एकच किंमत पहिल्या पानावर ठळक लिहिली.

दुसरे कारण सक्तीच्या नोंदणीचे. आधी खाते उघडा, परवलीचा शब्द ठरवा, मग माल घ्या! अमेरिकेतील एका मोठ्या दुकानाची गोष्ट या क्षेत्रातले लोक नेहमी सांगतात. तेथे नोंदणीचे बटण काढून त्या जागी 'पुढे चला' असे बटण ठेवले आणि खाते न उघडताही खरेदी करता येईल असे लिहिले. पहिल्या वर्षी ३० कोटी डॉलरची विक्री वाढली म्हणतात. वाण्याच्या दुकानात मीठ घेताना कोणी आपली कुंडली देत नाही. पत्त्यास आणि पैशास लागेल तेवढेच विचारावे.

तिसरे कारण पैसे भरण्याचे. आपल्याकडे २००९ पासून ऑनलाइन खरेदीत कार्डासाठी दुसरी खातरजमा सक्तीची आहे. ती हिताचीच आहे. पण ओटीपी वेळेवर आला नाही की गिऱ्हाइकाचा धीर सुटतो. पैसे गेले की राहिले, हेच त्यास कळत नाही. अशा वेळी भरलेली टोपली जशीच्या तशी राहावी आणि 'पैसे गेलेले नाहीत, पुन्हा प्रयत्न करा' असे साध्या मराठीत दिसावे. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि हे काम पुष्कळ सोपे झाले. माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय अनोळखी दुकानाबद्दल विश्वास निर्माण करते खरी; परंतु तीत एक फसगत आहे. गिऱ्हाइकाने दारातून पार्सल परत पाठविले तर टोपली सुटलीच, फक्त पडद्यावर न सुटता उंबऱ्यावर सुटली. जाण्यायेण्याचा दुहेरी खर्च विक्रेत्याच्या माथी. म्हणून माल रवाना करण्यापूर्वी एक फोन करून खात्री करण्याची रीत आम्ही घातली. तसेच, माल आपल्या गावी येतो का आणि कधी येतो, हे पिनकोड घालून पहिल्याच पानावर कळावे. सगळे लिहून झाल्यावर 'आपल्या भागात सेवा नाही' असे सांगणे म्हणजे जेवायला बसवून पान उचलणे होय.

आता खोट्या उपायांविषयी. काही दुकाने घड्याळ लावून 'पाचच मिनिटे उरली' असे भिवविती. काही न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकतात. काही 'नको' म्हणणाऱ्यास लाजवितात. हे सगळे आता केवळ अनीतीचे राहिलेले नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे पोच, कर वगैरे धरून एकूण किंमत एकाच आकड्यात, तपशिलासह दाखविली पाहिजे, आणि आधीच खूण केलेल्या चौकटीला संमती मानता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या युक्त्यांची यादीच काढली. शेवटी खर्च वाढविणे, टोपलीत माल घुसडणे आणि खोटी घाई लावणे, या तिन्ही तीत आहेत.

आठवण करून देणारा एखादा संदेश पाठविण्यास हरकत नाही. पण टोपली सोडणाऱ्या प्रत्येकास सवलत पाठविली, तर सोडण्यात फायदा आहे हे लोक लवकरच शिकतात. सरळ पैसे भरणाऱ्यास मात्र जास्त पडतात. हा न्याय नव्हे.

१८४४ साली इंग्लंडातील रॉचडेल गावी २८ विणकर व कारागिरांनी सहकारी दुकान उघडले. त्यांच्याजवळ भांडवल थोडे होते. शुद्ध माल, पुरे माप आणि सरळ भाव एवढाच त्यांचा गल्ला. पडद्यावरच्या दुकानासही याहून वेगळे शास्त्र आम्हांस सापडले नाही.

आमच्या बायांच्या दुकानात जादू झाली नाही. टोपल्या अजूनही सुटतात. परंतु शनिवारी माल बांधावयास दोघी बसत, तेथे आता चौघी बसतात. आणि टोपली सुटली म्हणजे चटणी बिघडली असे आता कोणी म्हणत नाही. 'बघू बरं, आपण कुठं चुकलो' असे विचारतात. गिऱ्हाईक भांडून गेले तर निदान कारण सांगून जाते. मुकाट्याने गेलेल्याचे कारण आपण होऊन विचारावे लागते.