दुपारचे ऊन, संध्याकाळचा भाव

माझा मावसभाऊ मागच्या पंधरवड्यात एक करारनामा घेऊन घरी आला. पिशवीतून सातबारा, आठ-अ आणि सोळा पानांचा मसुदा काढून त्याने टेबलावर ठेवला. "दादा, तू पेपरात लिहितोस. सही करायच्या आधी एवढं वाचून सांग." त्याचे रान मराठवाड्यात, गावच्या वीज उपकेंद्रापासून जेमतेम तीन किलोमीटरवर. एकूण आठ एकर. त्यातले सहा एकर हलके, मुरमाड. तिथे तूर येते ती पावसाच्या भरवशावर. उरलेले दोन एकर विहिरीकडचे, काळे. कंपनीला आठही एकर सलग हवे होते, तीस वर्षांसाठी.

भाड्याच्या कलमावर त्याने आधीच पेनाने खूण केली होती. मी अडलो नवव्या पानावर. जमीन 'सौर प्रकल्प व त्यास पूरक अशी सध्याची आणि भविष्यातील सर्व यंत्रसामग्री' बसवण्यासाठी दिली जात होती. बॅटरी हा शब्द सोळा पानांत कुठेही नव्हता. पण या एका ओळीत ती सहज मावत होती.

सौर प्रकल्पांना बॅटरी जोडण्याच्या बातम्या आता रोज येतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने १८ फेब्रुवारी २०२५ रोजी वीज खरेदी करणाऱ्या संस्थांना आणि राज्यांच्या कंपन्यांना सल्ला दिला, की यापुढच्या सौर निविदांमध्ये प्रकल्पाच्या क्षमतेच्या किमान १० टक्के एवढी, दोन तास पुरेल अशी साठवण त्याच जागी असावी. म्हणजे ५० मेगावॅटच्या प्रकल्पाला ५ मेगावॅटची, १० मेगावॅट-तासांची बॅटरी. या दोन मापांत बातम्या नेहमी गोंधळ करतात. शेतकऱ्याला ते एका वाक्यात कळते: मेगावॅट म्हणजे मोटारीचा हॉर्सपॉवर, मेगावॅट-तास म्हणजे विहिरीतले पाणी.

ही घाई का, ते समजायला २५ मे २०२५ चा रविवार आठवावा. त्या वर्षी पाऊस लवकर आला होता. केरळात तो आदल्याच दिवशी पोचला होता आणि दुसऱ्या दिवशी तो मुंबईत होता. कारखाने, कचेऱ्या सुट्टीवर, हवा गार, त्यामुळे मागणी पडलेली. सौर प्रकल्प मात्र वीज ओततच होते. वीज बाजारातल्या तत्काळ सौद्यांत त्या दिवशी काही वेळ विजेचा भाव शून्यावर आला. याच बाजारात उन्हाळ्यातल्या तापलेल्या संध्याकाळी युनिटचा भाव १० रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर सवलत मिळते, तीही याच कारणाने. दुपारची वीज सांडते आहे आणि दिवेलागणीला ती कमी पडते आहे. दुपारचे ऊन संध्याकाळपर्यंत सांभाळून ठेवणाऱ्याला आता किंमत आली आहे.

हे काम प्रत्यक्ष बघायला फार लांब जावे लागत नाही. गोंदियाहून रायपूरकडे निघालेली गाडी डोंगरगड ओलांडून राजनांदगावला पोचते. हिंदी कवी मुक्तिबोध अखेरची वर्षे ज्या गावात शिकवत होते, तेच हे गाव. या जिल्ह्यात 'सेकी' या केंद्र सरकारच्या कंपनीने १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारला आणि त्याला ४० मेगावॅटची, १२० मेगावॅट-तासांची बॅटरी जोडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. भरलेली बॅटरी पूर्ण जोराने चालवली तर तीन तास पुरते. सूर्य मावळल्यावर छत्तीसगडच्या घरांतले दिवे दुपारच्या उन्हावर लागतात. हे मला मनापासून आवडते. कोळशाच्या धुरात पिढ्या काढलेल्या चंद्रपूरच्या माणसाला विचारा, त्यालाही आवडेल.

बॅटरी स्वस्तही विलक्षण वेगाने झाली. २०२२ मध्ये सेकीच्या पहिल्या मोठ्या लिलावात दोन तासांच्या साठवणीचा दर मेगावॅटमागे महिन्याला १० लाख ८४ हजार रुपये निघाला होता. तीनच वर्षांत काही राज्यांच्या निविदांत तो सव्वादोन लाखांच्या आसपास आला. त्यात केंद्राच्या अनुदानाचा हात आहे, पण एवढी घसरण केवळ अनुदानाने होत नाही.

आता आपल्या शिवारात येऊ. भावाचा मसुदा ज्या योजनेखालचा, ती मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, तेव्हा राळेगणसिद्धीतून तिचा आरंभ झाला. २०२३ मध्ये तिचा दुसरा अवतार आला. कल्पना फार सुंदर होती आणि आहे. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर पॅनेल लावायचे आणि ती वीज त्याच उपकेंद्रातून त्याच गावच्या कृषिपंपांना दिवसा द्यायची. रात्री साडेअकराला लाइट येते म्हणून गव्हाला पाणी धरायला जाणाऱ्या माणसाच्या पायाखाली काय येईल, याचा नेम नसतो. जुन्नर-शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात तर बिबट्या आहे. तिथे दिवसा वीज मागणे म्हणजे जीव मागणे आहे.

या योजनेला मुळात बॅटरीची गरजच नव्हती. ऊन असते तेव्हा मोटार चालते, मोटार चालते तेव्हा पाणी वर येते. ते पिकाला द्या, नाहीतर शेततळ्यात भरून ठेवा. शेततळे हीच शेतकऱ्याची बॅटरी. गावच्या उन्हाची वीज गावच्या विहिरीवर खर्च व्हायची आणि जमीन देणाऱ्याला ती आपल्याच शिवारात दिसायची. पण जून ते सप्टेंबर पंप बंद असतात आणि ढगांतून का होईना, ऊन असतेच. ती वीज उलटी चढून मोठ्या वाहिन्यांवर जाते. अशा शेकडो उपकेंद्रांची वीज एकाच वेळी वर चढू लागली की ती जिरवायची कुठे, हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर बॅटरी आहे, आणि ते उत्तर बरोबरच आहे. फक्त बॅटरीतली वीज संध्याकाळी सहा ते दहा बाहेर पडते, आणि त्या वेळी ती लागते पुण्याच्या सोसायट्यांना, ठाण्याच्या मॉलना. गावच्या पंपासाठी दिलेली जमीन शहराच्या संध्याकाळसाठीही राबू लागते. सौदा बदलतो. भाडे मात्र जुन्याच सौद्याचे राहते.

ते भाडे बघू. योजनेत हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये, किंवा जमिनीच्या सरकारी मूल्याच्या ६ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते मिळते. म्हणजे एकरी सुमारे ५० हजार. मुरमाड रानात एकरी चार क्विंटल तूर झाली आणि २०२५-२६ चा ८,००० रुपयांचा हमीभाव पुरता मिळाला, तरी हाती येतात ३२ हजार, आणि त्यातून बियाणे, फवारणी, मजुरी वजा व्हायची असते. त्यापुढे ५० हजार रोख, तेही पाऊस पडो न पडो, ही फार मोठी गोष्ट आहे. भावाच्या डोळ्यांत जी चमक होती ती खोटी नव्हती.

पण वाढीचे कलम नीट वाचा. दरवर्षी ३ टक्के वाढ आहे, ती मूळ भाड्यावर, सरळ पद्धतीने. चक्रवाढ नाही. म्हणजे दरवर्षी हेक्टरी ३,७५० रुपयांची ठरावीक भर. पंचविसाव्या वर्षी भाडे होते २ लाख १५ हजार. महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर आज शंभर रुपयांना येणारी वस्तू तेव्हा ३२२ रुपयांना येईल. त्या हिशेबाने पंचविसाव्या वर्षीचे भाडे आजच्या ६७ हजारांएवढेच भरते, एकरी सत्तावीस हजार. मी हे आकडे भावाला वहीच्या पाठकोऱ्या पानावर मांडून दाखवले. तो बराच वेळ पानाकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे पोराच्या वाटणीला निम्मंच येणार."

करारात घाई करू नये असे मी म्हणतो, तेव्हा माझ्यासमोर विखरणचे धर्मा पाटील असतात. धुळे जिल्ह्यातल्या या शेतकऱ्याची पाचेक एकर जमीन वीज प्रकल्पासाठी संपादित झाली. आधी औष्णिक प्रकल्प ठरला होता, मग त्या जागी सौर आला. त्यांच्या हातावर चारेक लाख टेकवले गेले आणि आजूबाजूच्या काहींना त्याच्या कितीतरी पट मिळाले. दाद मागत मंत्रालयापर्यंत गेलेल्या या ८४ वर्षांच्या माणसाने २२ जानेवारी २०१८ रोजी तिथेच विष घेतले. २८ जानेवारीला जे. जे. रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. संपादनापेक्षा भाडेपट्टा शंभर पटींनी बरा, यात मला शंका नाही. सातबाऱ्यावर नाव राहते, इतर हक्कांत कंपनीची नोंद होते. पण कागद एकाने लिहायचा आणि दुसऱ्याने फक्त सही करायची, ही रीत अजून तीच आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: बॅटरीचा करार वेगळा हवा. तिला लागते ती जागा अगदी थोडी. वीस फुटी कंटेनरमध्ये आता पाचेक मेगावॅट-तास मावतात. ५० मेगावॅटचा प्रकल्प दोनशे ते अडीचशे एकर व्यापतो, आणि त्याची १० मेगावॅट-तासांची बॅटरी दोन कंटेनरांत बसते. इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर, मोकळी जागा धरून अर्धा एकर फार झाला. पण तो अर्धा एकर नेमका कुठला, कुणाच्या बांधाला लागून, वस्तीपासून आणि विहिरीपासून किती लांब, हे नकाशावर आखलेले असायला हवे. बॅटरी पॅनेलइतकी टिकतही नाही. रोज एकदा भरली आणि रिकामी केली तर पंधरा वर्षांच्या आसपास ती बदलावी लागते. म्हणजे करार निम्म्यावर असताना शेतात पुन्हा क्रेन येणार. जुन्या बॅटऱ्या कुणी, कधी उचलायच्या? बॅटरीच्या कचऱ्याचे नियम २०२२ मध्ये झाले, जबाबदारी उत्पादकावर आहे. पण शेतकऱ्याच्या करारात ती ओळ नसेल तर त्याला तालुक्याच्या गावी कुणाचे दार ठोठावायचे हेही कळणार नाही.

आगीचे भय उगाच वाढवू नये, पण लपवूही नये. कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग इथे १६ जानेवारी २०२५ रोजी ३०० मेगावॅटच्या बॅटरी केंद्राला आग लागली आणि हजाराहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. हा भागही शेतीचाच, शेजारचे कॅस्ट्रोव्हिल आर्टिचोकच्या मळ्यांसाठी ओळखले जाते. नंतर तिथल्या सागरी प्रयोगशाळेच्या संशोधकांना जवळच्या दलदलीच्या मातीत निकेल, मँगेनीज आणि कोबाल्ट वाढलेले आढळले. त्या बॅटऱ्या याच धातूंच्या होत्या आणि जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत दाटीने रचलेल्या होत्या. आता बसतात त्या बहुतेक लोह-फॉस्फेटच्या, उघड्यावर, सुट्या कंटेनरांत. त्या पुष्कळ सुरक्षित आहेत. तरी तालुक्याच्या अग्निशमन गाडीवरच्या जवानांना या आगीचे प्रशिक्षण मिळाले आहे का, हे ग्रामसभेने विचारलेच पाहिजे. ग्रामपंचायतीला सौर कृषी वाहिनी योजनेत वर्षाला ५ लाख रुपये तीन वर्षे मिळतात. ते घेताना हा प्रश्न ठरावात लिहून घ्यावा.

आणि मजूर. मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. भावाच्या त्या सहा एकरांत खुरपणीला, तुरीच्या काढणीला ज्या बाया येतात, त्यांचे नाव कुठल्याच कागदावर नाही. बटाईदाराचेही नाही. भाडे सातबाऱ्याच्या मालकाला जाते. पॅनेल धुण्याचे काम निघते, पण ते मूठभर हातांचे. त्या धुण्यालाही पाणी लागते. एका मेगावॅटला अठराशेच्या आसपास पॅनेल. प्रत्येकाला दोन लिटर धरले तरी एका धुण्याला साडेतीन हजार लिटर. मराठवाड्यात मार्च-एप्रिलमध्ये एवढे पाणी कुठून आणणार, हेही करारात यावे.

पॅनेलच्या ओळींमधल्या जागेत पीक घेण्याचे प्रयोग जोधपूरच्या 'काझरी' संस्थेने मूग, मटकी, इसबगोल, वांगी यांवर केले आहेत. पॅनेलवरून ओघळणारे पावसाचे पाणीही साठवले आहे. ज्या गावांत जमीन थोडी आणि हात जास्त आहेत, तिथे हाच रस्ता खरा. खर्च वाढतो म्हणून कंपन्या टाळतात. सरकारने या प्रकल्पांना थोडा जास्त दर द्यावा. शहरांच्या संध्याकाळसाठी आपण दहा रुपयांपर्यंत मोजायला तयार असतो, मग मजुराच्या हाताला काम राहावे म्हणून काही पैसे जड वाटू नयेत.

भावाच्या मसुद्यावर आम्ही दोघांनी पेन्सिलीने खुणा केल्या. विहिरीकडचे दोन एकर बाहेर. 'भविष्यातील यंत्रसामग्री' हे शब्द खोडले. बॅटरी बसवायची तर वेगळा नकाशा, वेगळे भाडे. वाढ चक्रवाढीने. कंपनीच्या माणसाने कागद ठेवून घेतले आणि आठ दिवस मागितले.

परवा रात्री त्याचा फोन आला. अजून उत्तर नाही, म्हणाला. विहिरीकडच्या दोन एकरांत हरभरा घाट्यांत आला होता आणि त्याला शेवटचे पाणी द्यायचे होते. बोलता बोलता तो मध्येच थांबला. लाइट आली होती. घड्याळात पावणेबारा. "ठेवतो दादा," तो म्हणाला, आणि फोन कट व्हायच्या आधी घरात कुणाला तरी विचारत असल्याचे ऐकू आले, की बॅटरी कुठे ठेवली आहे, आणि तिच्यात सेल आहेत का.