एच.आय.व्ही. आटोक्यात आला, हृदयाचे काय?

१ एप्रिल २००४ पासून भारतात सरकारी केंद्रांतून एआरटीची औषधे मोफत मिळू लागली. त्याआधी एच.आय.व्ही. म्हणजे मरणाचा हुकूम, असेच समजले जाई. त्या वेळी तिशीत औषध सुरू केलेला माणूस आज पन्नाशी ओलांडून कामावर जातो आहे. हे मोठे यश आहे. पण एका मरणातून वाचवलेल्या माणसाला दुसऱ्या मरणाच्या दारात बेसावध उभे करायचे काय?

हे दुसरे मरण हृदयविकाराचे आहे. जगभरच्या अभ्यासांची एकत्र छाननी २०१८ साली प्रसिद्ध झाली. एच.आय.व्ही. असलेल्यांना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असल्याचे तीत दिसले. औषधाने विषाणू दबतो, पण शरीरातला दाह पुरता विझत नाही. हा दाह रक्तवाहिन्यांचे अस्तर पोखरतो, तेथे चरबी साचते. त्यात बिडी-तंबाखू, वाढलेला रक्तदाब आणि साखर यांची भर पडली की धोका आणखी वाढतो.

यावर उपाय आहे. 'रिप्रिव्ह' या चाचणीत भारतासह १२ देशांतील ४० ते ७५ वयाचे ७,७६९ एच.आय.व्ही.बाधित सहभागी होते. रोज पिटाव्हास्टॅटिनची गोळी घेणाऱ्या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा गंभीर घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी घडल्या, हे २०२३ मध्ये जाहीर झाले. अशी गोळी आपल्याला लागते का, हे डॉक्टरांनी ठरवायचे. पण ते ठरवायला आधी तपासणी झाली पाहिजे!

बांधवांनो, भगिनींनो, केंद्रावर सीडी-४ आणि व्हायरल लोड विचारता, तसेच 'माझा रक्तदाब किती, साखर किती, कोलेस्टेरॉल किती?' हेही विचारा. आकडे वहीत लिहून ठेवा. छातीत कळ आली, चालताना धाप लागली, तर 'हे त्या आजाराचेच' म्हणून गप्प बसू नका.

आणि हृदयाच्या वॉर्डात एच.आय.व्ही.चे नाव ऐकून कोणी हात मागे घेतला तर? २०१७ चा एच.आय.व्ही.-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या आजाराच्या कारणावरून उपचार नाकारायला त्याने मनाई केली आहे. स्पर्श टाळणाऱ्या हाताचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायला पाच मिनिटे लागतात. तेवढी पाच मिनिटे प्रत्येक केंद्राने द्यावीत. दिली नाहीत, तर हक्काने मागून घ्यावीत.