डब्यात सापडलेले दुसरे रीळ

१ जानेवारी २०२३ ला अमेरिकेत १९२७ च्या कलाकृती प्रताधिकारमुक्त झाल्या आणि मथळे शेरलॉक होम्सने पटकावले. त्याच यादीत आपल्या जाड्या-रड्याचा, म्हणजे हार्डी आणि लॉरेलचा, ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ हा दोन रिळांचा मूकपट होता. तो प्रदर्शित झाला ३१ डिसेंबर १९२७ ला. एक दिवस उशीर झाला असता तर वर्षभर थांबावे लागले असते!

तोंडावर क्रीमचा ‘पाय’ फेकून मारण्याचा विनोद तेव्हाच शिळा झाला होता. इथे मात्र त्याची जात बदलते. विमा उतरवलेला रड्या घसरून पडावा म्हणून जाड्या रस्त्यात केळीची साल टाकतो आणि घसरतो पायवाला. तो उठतो आणि जाड्याच्या तोंडावर पाय थापतो. नेम चुकत जातात, येणारेजाणारे ओढले जातात. तोंड पुसायचे, क्षणभर थांबायचे, मग ठरवून फेकायचे. सगळी गंमत त्या थांबण्यात आहे. शेवटी कोपऱ्यावरून आलेली अभिनेत्री अनिता गार्विन घसरून थेट एका ‘पाय’वर बसते, सावकाश उठते, पाय झटकते आणि ऐटीत चालू लागते. ३,००० पाय लागल्याचे सांगतात. मला त्या आकड्यापेक्षा तिचे ते झटकणे मोठे वाटते.

अनेक दशके या हाणामारीचे फक्त तुकडे उरले होते. रॉबर्ट यंगसनने १९५७ च्या आपल्या संकलनपटात ते घेतले म्हणून वाचले. त्यात हाणामारी होती, पण ती हळूहळू कशी चढत गेली ते नव्हते. मग २०१५ मध्ये जॉन मिरसॅलिस या संग्राहकाला विकत घेतलेल्या जुन्या डब्यांत दुसरे रीळ मिळाले. हा माणूस पेशाने विषशास्त्रज्ञ, आवडीने मूकपटांना पियानोची साथ करणारा. संस्थांनी गमावलेले असे छंदिष्टांनी राखले, हे मान्य करायलाच हवे.

आपल्याकडे ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचेच उरले आहे. पुण्यात २००३ च्या आगीत कितीतरी चटकन पेट घेणारी नायट्रेट रिळे खाक झाली. तुमच्या माळ्यावर गंजका डबा असेल तर तो भंगारात देऊ नका, उन्हात किंवा विस्तवाजवळ उघडू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी कळवा.