टकटक फोनचा पुन्हा मूड?

मेसेजिंगसाठी क्वर्टी बटणांचा साधा फोन घ्यायचा विचार करताय? दुकानदाराला किंमत विचारण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा... तुम्ही मेसेज नेमका कोणाला करणार आहात?

बॉसचा मेसेज रात्री साडेअकराला. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीवरून जुंपलेली. शाळेच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं. आणि मधेच एका रीलवरून दुसऱ्या रीलवर घसरत घसरत झोपेचे दीड तास गुल! हे सगळं ओळखीचं वाटत असेल, तर ‘यार, तो बटणांचा फोनच बरा होता’ हे वाक्यही तुमच्या लंच टेबलवर एकदा तरी ऐकू आलंच असेल.

पण अगदीच साधा फोनही नको असतो. कारण कॉल करायला कोणाला आवडतं? आपली पिढी मेसेजवर जगते. मग डोळ्यांसमोर येतो तो फोन, ज्याला कॉम्प्युटरसारखा अख्खा कीबोर्ड होता, प्रत्येक अक्षराला वेगळं बटण होतं. दोन अंगठे, टकटक आवाज आणि मेसेज गेला! रील नाही, नोटिफिकेशनची किरकिर नाही. आयडिया भन्नाट आहे. पण खिशात हात घालण्याआधी जरा हिशोब करूया.

तो जमाना क्वर्टीचा

हिशोबासाठी नमुना घेऊया नोकिया सी-३. एप्रिल २०१० मध्ये कंपनीने तो जाहीर केला. २.४ इंची आडवा स्क्रीन, त्याखाली पूर्ण क्वर्टी कीबोर्ड, २ मेगापिक्सेल कॅमेरा, वजन फक्त ११४ ग्रॅम. वाय-फाय होतं, पण थ्री-जी नव्हतं. आतमध्ये नोकियाची साधीसुधी सिरीज ४० सिस्टिम. म्हणजे दिसायला स्मार्टफोन, मनाने बेसिक! राखाडी, सोनेरी-पांढरा आणि चक्क गुलाबी अशा रंगांत तो मिळायचा.

त्या वर्षांत ब्लॅकबेरी म्हणजे रुबाब. तो साहेबांना कंपनीकडून मिळायचा. सी-३ आपण आपल्या पगारातून घ्यायचो. पुढे याच वाटेवर नोकियाची आशा सिरीज आली, सॅमसंग आणि मायक्रोमॅक्सनेही क्वर्टी मॉडेल्स आणली. ट्रेनमध्ये, कँटीनमध्ये, मीटिंगमध्ये टेबलाखाली सगळीकडे दोन अंगठे चालू!

बटणांचा हिशोब

क्वर्टीची जादू नेमकी काय होती? एक साधा मेसेज घ्या. ‘कुठे आहेस’. आपण तो रोमनमध्ये लिहिणार, म्हणजे के-यू-टी-एच-ई, स्पेस, ए-ए-एच-ई-एस.

आकड्यांच्या बटणांवर ‘के’ साठी ५ दोनदा दाबा, ‘यू’ साठी ८ दोनदा. ‘टी’ सुद्धा ८ वरच, म्हणून क्षणभर थांबा, नाहीतर आधीचं अक्षर बदलतं. ‘एस’ साठी तर ७ चार वेळा! सगळी बेरीज करा... स्पेस धरून २० वेळा बटण दाबावं लागतं. क्वर्टीवर? फक्त ११ वेळा. जवळजवळ निम्मं काम.

‘पण टी-नाइन होतं की!’ असं कोणीतरी म्हणेलच. होतं ना. प्रत्येक अक्षरासाठी एकदाच बटण दाबायचं आणि शब्द फोनने ओळखायचा. पण त्याची डिक्शनरी इंग्रजी. ‘काय’ लिहायला ५-२-९ दाबलं की त्याच तीन बटणांतून ‘लॉ’, ‘जॉ’, ‘ले’ असे इंग्रजी शब्द निघतात. आपण विचारतोय काय, फोन सांगतोय कायदा! अर्ध मराठी, पाव हिंदी आणि पाव इंग्रजी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना टी-नाइनने कधी फारसं समजून घेतलंच नाही. क्वर्टी मात्र अंदाज बांधत नव्हता. दाबाल ते अक्षर येणार. मुंबई-पुण्याच्या खिचडी भाषेला तो अगदी फिट बसला, याचं कारण हेच.

आणखी एक प्लस पॉइंट. बटणं बोटांना कळतात. ज्यांना सवय झाली ते न बघता टाइप करायचे. काचेच्या स्क्रीनवर बोट कुठे पडलं हे डोळ्यांनी बघावंच लागतं. या बाबतीत चांगला क्वर्टी आजही सॉलिड आहे.

७० अक्षरांत मराठी

आता मायनस पॉइंट. तुम्हाला देवनागरीत लिहायचं असेल तर?

एका एसेमेसमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरं मावतात हे बहुतेकांना माहीत असतं. पण देवनागरीतलं एक अक्षर जरी टाकलं तरी ही मर्यादा थेट ७० वर येते. त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार प्रत्येक चिन्ह वेगळं मोजलं जातं. ‘आई, मी निघालो. जेवायला थांबू नकोस.’ एवढ्याशा निरोपाला ३४ जागा लागतात. अजून एवढंच लिहिलं की एसेमेस जवळजवळ भरला! मेसेज लांबला तर तो तुकडे करून जातो, आणि ते तुकडे जोडण्याच्या माहितीलाही जागा लागते. त्यामुळे देवनागरीत प्रत्येक तुकड्यात ६७ च अक्षरं उरतात.

पूर्वी एसेमेसला पैसे पडायचे, दिवाळी आणि थर्टी फर्स्टला तर स्वस्तातले पॅकही चालायचे नाहीत. अशा वेळी मराठी माणूस रोमनमध्ये लिहू लागला तर नवल काय? आज बहुतेक अनलिमिटेड पॅकमध्ये दिवसाला १०० एसेमेस मिळतात, त्यामुळे पैशाचा प्रश्न फारसा नाही. पण बटणांवर अक्षरं छापलेली असतात ती रोमनच. देवनागरी लिहिण्यात आणि बोलून टाइप करण्यात टचस्क्रीन खूप पुढे गेलाय. इथे क्वर्टीला मार्क कमीच.

मग बिघडलं कुठे?

खरी गंमत पुढेच आहे. सी-३ ची बटणं बिघडली नाहीत. नीट वापरलेला पीस आजही टकटक करतो. बंद पडलं ते पलीकडचं जग.

बघा ना, ब्लॅकबेरीच्या जुन्या सिस्टिमवर आणि ब्लॅकबेरी १० वर व्हॉट्सअॅपने २०१७ च्या ३१ डिसेंबरला सपोर्ट थांबवला. नोकिया सिरीज ४० वर २०१८ च्या ३१ डिसेंबरला. ज्या बीबीएमसाठी पोरं ब्लॅकबेरी घ्यायची, ते सर्वसामान्यांसाठीचं बीबीएम ३१ मे २०१९ ला संपलं. आणि ४ जानेवारी २०२२ ला ब्लॅकबेरीने आपल्या जुन्या फोनच्या सेवाच बंद केल्या.

आपल्याकडचं उदाहरण तर अजून जवळचं. जुलै २०१८ मध्ये जिओफोन २ जाहीर झाला. क्वर्टी कीबोर्ड, फोर-जी, किंमत २,९९९ रुपये. सप्टेंबरमध्ये जिओफोनवर व्हॉट्सअॅपही आलं. मेसेजिंगसाठी स्वस्त क्वर्टी म्हणजे अजून काय हवं? पण हे फोन ज्या कायओएसवर चालतात, त्यावर व्हॉट्सअॅप नव्याने डाउनलोड करणं जून २०२४ मध्ये बंद झालं आणि ज्यांच्याकडे ते आधीपासून होतं त्यांचा सपोर्ट २०२५ च्या सुरुवातीला संपला.

थोडक्यात फंडा असा, की मेसेजिंगचा फोन हा अर्धाच फोन असतो. उरलेला अर्धा समोरच्याच्या हातात असतो. कॅल्क्युलेटर जुना झाला तरी बेरीज बरोबर येते. मेसेजिंगचा फोन एकटा काहीच करू शकत नाही.

पलीकडे कोण आहे?

म्हणूनच हा फोन जोखताना कीबोर्ड, बॅटरी, कॅमेरा यांच्याआधी माणसं मोजा. आज क्वर्टीवरून जाणार तो एसेमेस. तो कोणत्याही फोनवर पोहोचतो, इंटरनेट लागत नाही, ओटीपीही येतो. पण समोरच्याचा इनबॉक्स आठवा. बँक, कुरिअर, लोनच्या ऑफर्स... त्या गर्दीत तुमचा ‘कशी आहेस?’ कोणाला दिसणार? आणि दिसलाच तर उत्तर सवयीने व्हॉट्सअॅपवर येणार. ते तुम्ही घरी ठेवून आलेल्या फोनवर!

आईचाच विचार करा. साठीत पोचल्यावर ती मोठ्या हौसेने व्हॉइस मेसेज पाठवायला शिकली. भाजीचा फोटो टाकून ‘ही आणू का?’ विचारते. बाबा नातवाचे व्हिडिओ दिवसातून चारदा बघतात. तुम्ही साध्या फोनवर गेलात तर शांतता तुम्हाला मिळेल, पण नवीन सवय त्यांना लावून घ्यावी लागेल. साहेब मात्र बरोबर फोन करून गाठतील! ज्याच्यापासून सुटका हवी तो सापडणार आणि जिच्याशी बोलायचं ती हरवणार, असा उलटा सौदा व्हायला नको.

बाजारात काय मिळतं?

आज तीन पर्याय दिसतात. पहिला, जुना क्वर्टी सेकंड हँड. दुसरा, आकड्यांच्या बटणांचा नवा फोर-जी फोन. उदाहरणार्थ, २०२४ मध्ये नव्या रूपात आलेल्या नोकिया ३२१० मध्ये फोर-जी आणि यूपीआयची सोय दिली गेली, पण टायपिंग पुन्हा तेच, ७ चार वेळा! तिसरा, युनिहर्ट्झ टायटनसारखा क्वर्टीवाला अँड्रॉइड. तिथे व्हॉट्सअॅप चालतं, पण तो काही साधा फोन नव्हे. रील्स तिथेही चालतात.

सेकंड हँडच घ्यायचा असेल तर काउंटरवर एवढं तपासाच.

* नेटवर्क: सी-३ सारखे फोन टू-जीवर चालतात. जिओचं टू-जी नाहीच, त्यामुळे ते सिम इथे चालणार नाही. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम घालून दुकानातूनच एक कॉल आणि एक एसेमेस करा. जुन्या फोनला मोठं सिम लागतं, तेव्हा अॅडॉप्टर मागून घ्या.

* बटणं: ‘आज काय करायचं आहे’ हे रोमनमध्ये टाइप करा. १८ अक्षरांत ८ वेळा ‘ए’ येतो. मराठी माणसाच्या फोनवर सगळ्यात आधी झिजतं ते हेच बटण!

* देवनागरी: तुमच्या स्मार्टफोनवरून त्याच्यावर एक मराठी एसेमेस पाठवा. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर आईचे निरोप वाचता येणार नाहीत.

* बॅटरी: बाहेर काढून काचेवर ठेवा आणि बोटाने फिरवा. भोवऱ्यासारखी फिरली तर ती फुगलीय, नवीन घ्यावी लागेल. सी-३ ला बीएल-५जे लागते.

* चोरीचा तर नाही ना: *#०६# दाबून आयएमईआय नंबर काढा. रोमन लिपीत केवायएम, मग स्पेस, मग तो नंबर असा एसेमेस १४४२२ ला पाठवला की फोनची माहिती मिळते. बिल घ्यायला विसरू नका.

आणि हो, रोजचं मुख्य सिम काढून यात टाकायची घाई करू नका. बँक, यूपीआय, व्हॉट्सअॅप सगळं त्याच नंबरला बांधलेलं असतं. व्हॉट्सअॅपसारखी अॅप्स सिम त्याच फोनमध्ये असेल तरच चालावीत, असा आदेश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढलाय. साध्या फोनसाठी वेगळा नंबर घेणंच शहाणपणाचं.

मग, घ्यायचा की नाही?

एकमेव फोन म्हणून घेणार असाल तर आमचं उत्तर ‘नको’. ऑफिस, बँक आणि घर तिन्ही आघाड्यांवर अडचण होईल.

संध्याकाळी सातनंतरचा किंवा रविवारचा दुसरा फोन म्हणून? जरूर विचार करा. नंबर फक्त सहा-सात जवळच्यांना द्या. टायपिंगची मजा, डोळ्यांना आराम, आणि मेसेज आला तर तो आपल्याच माणसाचा याची खात्री!

पण दुकानात जाण्याआधी एक फुकटातली टेस्ट करा. तुमच्या स्मार्टफोनवर शेवटचे वीस मेसेज कोणाला गेले ते बघा आणि त्यातली मनापासूनची माणसं निवडा. पुढचा एक आठवडा त्यांच्याशी फक्त एसेमेसवर बोला. ज्यांची उत्तरं एसेमेसवरच आली, त्यांची नावं लिहून काढा. यादीत चार नावं असली तर बिनधास्त क्वर्टी शोधायला निघा. एकही नसलं, तर पैसे वाचवा आणि ऑफिसचा ग्रुप म्यूट करा. तेवढ्यानेही रात्रीची झोप बऱ्यापैकी परत मिळते.